पेटीतलं इंजिन

ऑइलडेल, कॅलिफोर्निया
६ जून २००४

ति. ग्लेंडाताईस,
सा. न. वि. वि.

मनोऱ्यावर सुखरूप पोचल्याचं तुझं पत्र मिळालं. डोंगरमाथ्यावर एकटीने बसून जंगलात कुठे धूर दिसतो का ते बघायचं, हा तुझा नववा उन्हाळा. आई अजूनही शेजारपाजारी 'ग्लेंडा सरकारी नोकरीत आहे' एवढंच सांगते. इथे सगळे बरे आहेत. उन्हं तापली आहेत, आणि तेलविहिरींवरचे पंप तेवढे न थकता माना हलवत असतात.

आता खरी बातमी. बाबांची ती उघड्या इंजिनची जुनी गाडी मी माझ्या गॅरेजात ओढून आणली आहे. गेल्या जुलैत मोरो बेच्या वाटेवर, त्या लांब चढावर इंजिन उकळलं आणि आई दोन तास रस्त्याकडेला बसून शेवटी चक्कर येऊन पडली, तेव्हापासून तिने त्या गाडीत पाय ठेवलेला नाही. तिचं म्हणणं साधं आहे : नवऱ्यावर भरवसा आहे, इंजिनवर नाही. मी काल इंजिन उघडलं. ब्लॉकला, म्हणजे इंजिनच्या ओतीव धडालाच, आतून बोटभर तडा गेलाय. सत्तावन्न साली बाबांनी भंगारातून आणून स्वतःच्या हातांनी बसवलेलं ते इंजिन आता संपलं, ताई.

शिवाय वेळ थोडा आहे. बाबांचा डावा डोळा गेल्यातच जमा आहे आणि उजवाही मंदावतोय. सोळा सप्टेंबरला, त्यांच्या वाढदिवशी, लायसन्सची मुदत संपते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दिवसा, ओळखीच्या रस्त्याने तूर्त चालवू देत, पण पुढची तपासणी ते पास होणार नाहीत. हे बाबांनाही ठाऊक आहे. त्यांची एकच इच्छा उरली आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी याच गाडीतून त्यांनी आईला मोरो बेला समुद्र दाखवायला नेलं होतं, तसं अजून एकदा न्यायचं. मग किल्ली खुंटीला टांगायची.

आई येईल, पण भरवशाचं इंजिन असेल तरच. म्हणजे कारखान्यातून लाकडी पेटीत घालून येतं ते कोरं इंजिन. त्याबद्दल बाबांचं मत तू शंभरदा ऐकलं आहेस. पेटीतलं इंजिन बसवणारा माणूस म्हणजे भाड्याचा सूट घालून लग्नाला उभा राहिलेला नवरदेव. व्हर्जिल समनरने तसं इंजिन बसवलं तेव्हा जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या सगळ्यांसमोर बाबांनी त्याला विचारलं होतं, चालवणाराही पेटीतूनच आलाय का. व्हर्जिल तीन वर्षं बोलत नव्हता.

म्हणून मी ठरवलंय. पेटीतलंच बसवायचं, पण वरून हुबेहूब जुनं दिसेल असं करायचं, आणि बाबांना सांगायचं की जुन्याचीच डागडुजी केली. तुझ्याकडे त्या इंजिनचा जुना फोटो असेल तर पाठव.

लोभ आहे तेवढा राहू दे, ओरडा थोडा कमी कर.

तुझा,
रॉइस


टेहळणी मनोरा, आयडाहो
२३ जून २००४

चि. रॉइस यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र खेचरवाल्याबरोबर काल आलं. तो दोन आठवड्यांनी एकदा येतो, त्यामुळे तुझ्यावर रागवायला मला भरपूर वेळ मिळाला आणि तो मी पुरेपूर वापरला.

फोटो पाठवते आहे. इथे बिछान्यावर खिळ्याला लावलेला होता. अठ्ठावन्न सालचा, आई पुढच्या चाकावर बसली आहे, कोपर इंजिनला टेकलंय आणि तिन्ही कार्ब्युरेटर चकाकतायत. आई त्यांच्याकडे बघून हसते आहे. माझ्याकडे हा एकच आहे. परत आला नाही तर मी तिथे येऊन तुझ्या नाकावर बसेन.

आता माझं ऐक. तुला खोटं बोलता येत नाही. लहानपणी फादर ऑर्टेगांच्या खिडकीची काच फोडलीस, तेव्हा कोणी विचारायच्या आत तुझे कान लाल झाले होते. आणि बाबांचे डोळे गेलेत, कान गेलेले नाहीत. ज्या माणसाने रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्या गाडीचा कुठल्या झडपेची स्प्रिंग ढिली आहे हे जेवता जेवता सांगितलं, त्याला तू काय फसवणार? तरीही करणारच असशील तर एक अट : आईला सगळं सांग. दोघांना एकदम अंधारात ठेवायचं नाही.

वारा सुटलाय, दिवाभर तेल उरलंय, थांबते. जपून काम कर, बोटं दहाच आहेत.

तुझी,
ग्लेंडाताई


ऑइलडेल
१८ जुलै २००४

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

फोटो परत पाठवतोय, नाक शाबूत राहू दे.

आईला सांगितलं. मला वाटलं रागावेल. ती ॲप्रन बांधून गॅरेजातच आली. रोज दुपारी बाबा झोपले की येते, स्टुलावर बसते आणि नापसंती दाखवते. फार स्वच्छ आहे, म्हणते. हा बोल्ट त्या काळातला वाटत नाही, म्हणते. तिचं खरं असतं.

काय काय केलं ते तुलाच सांगता येईल, दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही. ब्लॉकवरचे कारखान्याचे आकडे घासून काढले, आणि घासलेली जागा गुळगुळीत राहू नये म्हणून टोच्याने टोचून टोचून पुन्हा खरबरीत केली. त्यालाच चार दिवस गेले. जुन्या इंजिनवरची झाकणं त्यांच्या पोच्यांसकट नव्यावर बसवली. तिन्ही कार्ब्युरेटर वरून जुनेच आहेत, आत मात्र नवी इंधनाची यंत्रणा आहे आणि तिचा मेंदू सीटखाली लपवलाय. वायरींवर कापडी वेष्टण चढवलं. नवे बोल्ट व्हिनेगरमध्ये बुडवून गंजवले, त्यासाठी आईची टर्की भाजायची परात घेतली. आता थँक्सगिव्हिंगला काय करायचं हे तिने मला तीनदा विचारलं.

रंगावर अडलं होतं. फोटो काळापांढरा. कारखान्याचा नारिंगी लावणार इतक्यात आई म्हणाली, नारिंगी नव्हताच. तेव्हा बाबा तेलविहिरीवर कामाला होते आणि पंपांना लावून उरलेला हिरवा त्यांनी उचलून आणला होता. मग हिरवा लावला, त्यावर तेल आणि धूळ चोळून भाजला. जुन्यासारखं अडखळत घुरघुरावं म्हणून झडपा उघडणारा आतला दंडही मुद्दाम तसा निवडलाय.

हे सगळं छान झालं. वाईट झालं ते पुढे. बाबांना मी सांगितलं की तडा सांधला, सगळं जुनंच आहे. ते उठले. मग आत गेले आणि त्यांची पान्यांची पेटी घेऊन आले. ज्या पेटीला हात लावला म्हणून आपण दोघांनी मार खाल्लाय, ती पेटी. ही तुझी, म्हणाले. माझं इंजिन वाचवणारा माणूस माझ्याच घरात निघाला, म्हणाले. माझे कान लाल झाले असणार, पण त्यांना ते दिसले नाहीत. पेटी मी अजून उघडलेली नाही.

काय करू ते लिही. माया असू दे.

तुझा,
रॉइस


टेहळणी मनोरा
१ ऑगस्ट २००४

चि. रॉइस यास आशीर्वाद.

घाईत लिहिते. पश्चिमेच्या कड्यापलीकडे धूर आहे, दर पाव तासाला रेडिओवर कळवावं लागतंय.

पान्यांची पेटी परत करू नकोस, त्यांना लागेल. पण सांगून टाक. तुझा खोटेपणा खुपतोय म्हणून नव्हे. ज्या कामाबद्दल ते तुझे आभार मानतायत ते काम तू केलंच नाहीस. जे केलंस ते कितीतरी मोठं आहे आणि त्याचे आभार तुला कधीच मिळणार नाहीत. मला ते सहन होत नाही, रॉइस. तू माझा एकुलता एक भाऊ आहेस.

आईला गोड पापा. कळावे.

ग्लेंडाताई


ऑइलडेल
२२ ऑगस्ट २००४

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्याकडचा वणवा विझल्याचं बातम्यांत ऐकलं, जीव भांड्यात पडला.

तुझं पत्र वाचून मी सांगायलाच निघालो होतो. आईने दारात अडवलं. आधी समुद्र, मग खरं, म्हणाली. चार सप्टेंबरला, शनिवारी पहाटे निघायचं ठरलंय. मी माझा ट्रक घेऊन मागोमाग जाणार.

मागच्या रविवारी गाडी त्यांच्या दारात नेली. बाबांनी किल्ली फिरवली, कान देऊन ऐकलं, दोन गल्ल्या चालवून आणली आणि माझ्या पाठीवर थाप मारून आत जेवायला गेले. मला वाटलं, जिंकलो.

पण पुठ्ठा विसरलो. तुला आठवतं ना, गाडी उभी केली की बाबा खाली पुठ्ठा सरकवतात, आणि सकाळी त्यावर तेलाचे किती थेंब पडलेत यावरून इंजिनची तब्येत सांगतात? आपल्याकडे ज्याच्या जुन्या इंजिनातून तेल गळत नाही त्याच्या इंजिनात तेलच नाही असं समजतात. मी दोन महिने बाहेरून दिसेल ते सगळं जुनं केलं, आणि गळती करायचं राहून गेलं. सोमवारी सकाळी पुठ्ठा कोरा. बाबा त्याच्याकडे बघत उभे राहिले, असं आईने फोन करून सांगितलं.

मंगळवारी पुठ्ठ्यावर सहा थेंब. मी काम टाकून धावलो, गाडीखाली आडवा झालो, सगळे सांधे चाचपले. सगळं कोरडं. बाबा शेजारी उकिडवे बसून म्हणाले, जाऊ दे, जुनं आहे, गळायचंच. मग त्यांनी एका थेंबात बोट बुडवलं, हुंगलं, जरा विचार केला आणि आईला हाक मारून विचारलं की आज न्याहारीला काय आहे.

ते आत गेल्यावर मीही हुंगलं. बेकन. आईने चुलीशेजारचा, तळून उरलेली चरबी साठवायचा कॉफीचा डबा उचलून पुठ्ठ्यावर थेंब सोडले होते. इंजिन-तेलाचा डबाही त्याच कॉफीचा, त्यालाच लागून ठेवलेला, आणि तिचा चष्मा उशाशी राहिलेला. मी तिला जाब विचारला तर माझ्यावरच उखडली. तुझं अर्धवट राहिलेलं काम पुरं करत होते, म्हणाली.

बाबांना कळलं की नाही, देव जाणे. ते नुसती रोज गाडी पुसतात. मला मात्र घास गोड लागत नाही. तू लवकर खाली उतर.

आठवण असू दे.

तुझा,
रॉइस


मोरो बे
६ सप्टेंबर २००४

चि. रॉइस यास अनेक उत्तम आशीर्वाद.

शनिवारी आम्हाला इथवर पोचवून तू संध्याकाळी परत गेलास. तोंडावर मला असलं काही बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. मी, तुझा बाप, सांगतोय, तुझी आई लिहिते आहे आणि मध्ये मध्ये माझी भाषा सुधारते आहे. वाचून झालं की ग्लेंडाकडे मनोऱ्यावर धाड.

इंजिन पेटीतलं आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं. तो तडा मी हिवाळ्यातच टॉर्च लावून पाहिला होता. असला तडा कोणी सांधू शकत नाही, तूही नाही. आणि माझं इंजिन इतक्या वर्षांत पहिल्या झटक्याला कधी चालू झालेलं मला आठवत नाही. बेकनबद्दल मी काही बोलत नाही, लिहिणारी हातातलं पेन खाली ठेवील.

मी गप्प राहिलो ते एक तर तुझी आई, माझी नॅडीन, गाडीत बसायला तयार झाली म्हणून. दुसरं असं की अठ्ठावन्न साली माझ्या तीन कार्ब्युरेटरांपैकी दोन पोकळ होते. आत काही नव्हतं. ही मुलगी आपल्या गाडीकडे वळून बघेल म्हणून नुसते वर बसवले होते. त्रेसष्टला खरे मिळाले तेव्हा गुपचूप बदलले. (हे मला आत्ता, या टेबलापाशी, लिहिता लिहिता कळतंय. – आई.) तेव्हा भाड्याचा सूट घातलेला नवरदेव कोण, ते तूच ठरव. काल व्हर्जिलला फोन करून माफी मागितली. तो इतका चकित झाला की मीच बोलतोय ना म्हणून त्याने दोनदा विचारलं.

डागडुजीबद्दल मी मानलेले आभार मला परत दे आणि हे घे. मी आता बोटांनी बघतो. ब्लॉकवर जिथे तू आकडे घासलेस तिथे मी हात फिरवला. नजरेला तिथे कोणाला काही दिसलं नसतं, तरी तू ती जागा टोचून खरबरीत केलीस. मी हात फिरवणार हे तुला ठाऊक होतं. एवढं काम कोणी माझ्यासाठी कधी केलेलं नाही. पाने तुझेच आहेत, पेटी उघड आणि वापर. सोळा तारखेला तपासणीला मी जाणार नाही. परतताना गाडी नॅडीन चालवेल.

आता ती समुद्रावर फिरायला गेली आहे. इथून पुढे मीच लिहितोय. ओळी एकमेकींवर चढल्या तर समजून घे.

त्या चढावर मी गाडी कडेला घेतली तेव्हा तू ट्रकमधून उडी मारून धावत आलास. पुन्हा उकळलं, असंच तुला वाटलं असणार. मी ओठांवर बोट ठेवून तुला परत पाठवलं आणि का ते नंतर सांगितलं नाही. नॅडीन झोपली होती.

शेहेचाळीस वर्षं ती माझ्या शेजारी बसायची आणि तापमानाच्या काट्याकडे बघत राहायची. मला वाटायचं, हिला गाडीची केवढी आवड. बाई भीत होती, रॉइस. इतक्या वर्षांत तिने माझ्या गाडीत एक मैलभरही डोळा लागू दिला नव्हता आणि मला ते शनिवारी कळलं, तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं तेव्हा. वळणांवर तिची मान हलत होती म्हणून मी थांबलो. इंजिन बंद केलं असतं तर ती जागी झाली असती, म्हणून ते चालू ठेवून अर्धा तास तसाच बसून राहिलो.

ते इंजिन तू माझ्यासाठी जुनं केलंस. तिच्यासाठी ते नवं आहे, याबद्दल मी तुझा फार ऋणी आहे.

माझा जीव तुझ्यावर आहेच, तुझाही या म्हाताऱ्यावर असू दे.

तुझा,
बाबा