मुलीचं कॉलेज झालं का?

अवोन्डेल, ऑकलंड
८ फेब्रुवारी २००४

ती. दादास,
विभाचा वाकून नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर माणसं नुसती ओरडतात, बोलत नाहीत, हे तुझं म्हणणं मला पटतं, म्हणून पाय वर घेऊन निवांत लिहायला बसले आहे. इथे कडक उन्हाळा. आज रविवारच्या बाजारात मुळं-मातीसकट कोथिंबीर मिळाली आणि मला उंब्रजचा बाजार आठवला. हरीश म्हणाले, आता हिला दिवसभर माहेर पुरणार.

मोठी बातमी म्हणजे आपली सिद्धी या आठवड्यापासून कॉलेजात जायला लागली! निळा गणवेश, ही एवढी मोठी टोपी. कसं वाटलं म्हणून मी मराठीत विचारलं, तर नेहमीप्रमाणे इंग्रजीत उत्तर, की हीप्स आवडलं. म्हणजे ढीगभर. तेरा वर्षं कशी गेली, कळलंही नाही.

अनुयाची बारावी जवळ आली. तिला सांग, आत्यासारखं औषधांच्या दुकानात उभं राहायचं असेल तर केमिस्ट्री पक्की हवी. वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.

तुझी,
विभा

---

उंब्रज
२५ फेब्रुवारी २००४

चि. सौ. विभास,
सुधाकरचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि मी मटकन गादीवर बसलो. तेराव्या वर्षी कॉलेज! दोनदा वाचलं, शकुकडूनही वाचून घेतलं. तिने देवापुढे साखर ठेवली, मी पेढे आणून अख्ख्या पेठेत वाटले. हायस्कूलचे हेडमास्तर स्वतः दुकानात आले. सिद्धीचा फोटो शाळेत लावायचा म्हणतात, तेव्हा चांगलासा पाठव, टोपीशिवाय.

मी पहिल्याच वर्षी कॉलेज सोडून बाबांचं कापडदुकान धरलं, तुझी फार्मसी झाली, आणि आता तुझी पोर या वयात तिथे जाऊन पोचली. बाबा असते तर काय म्हणाले असते! पण विभा, मला धास्तीही वाटते. मिशा फुटलेल्या पोरांच्या वर्गात ती एवढीशी मुलगी बसणार कशी? तिला रोज बदाम दे. डोक्यावर फार ताण आला तर एक वर्ष घरी ठेव, काही बिघडत नाही.

हरीशरावांना नमस्कार. सिद्धीला तिच्या अडाणी मामाचा मुका.

तुझा,
दादा

---

अवोन्डेल
१४ मार्च २००४

ती. दादास,
विभाचा नमस्कार, आणि आधीच कान पकडते.

अरे दादा, पेढे परत मागव! तुझं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला. हरीशना तर हसून हसून ठसका लागला. इथे हायस्कूललाच कॉलेज म्हणतात रे! तेराव्या वर्षी आत, अठराव्या वर्षी बाहेर. म्हणजे सिद्धी आपल्या हिशेबाने आठवी-नववीत आहे. इथे राहून तो शब्द इतका अंगवळणी पडला, की तुला उलगडून सांगावं हे सुचलंच नाही.

कॉलेज संपलं की कोणी युनिव्हर्सिटीत जातं, कोणी थेट कामाला लागतं. शेजारचा मुलगा प्लंबरच्या हाताखाली शिकायला लागला, तर आईबापांनी अंगणात जेवण घातलं. आपली विदुषी गणितात जेमतेम पास आहे. हेडमास्तरांना फोटो हवाच असेल तर पोहण्याच्या शर्यतीत शेवटून दुसरी आल्याचा पाठवते.

रागावू नकोस. बदाम मात्र सुरू केले आहेत. लोभ या हसण्याने उणा होऊ नये.

तुझी,
विभा

---

उंब्रज
१३ जून २००४

चि. सौ. विभास,
आशीर्वाद.

तुझं हसणं पोचलं. गावाचंही पोचलं, दुकानात कोणी आलं की आधी कॉलेजकन्येची चौकशी करतं, मग कापडाची. असो.

अनुया बारावी झाली. केमिस्ट्रीत शाळेत पहिली. तिच्यासाठी इस्लामपूरचं स्थळ आलं आहे. मुलगा साखर कारखान्यात कायम आहे, माणसं चांगली. जुलैत पुन्हा येतील तेव्हा सुपारी फोडू, लग्न तुळशीच्या लग्नानंतर. कराडला कॉलेजात जायचंच असा हट्ट धरून पोरगी रडते. मी तिला तुझंच पत्र वाचून दाखवलं. एवढ्या पुढारलेल्या देशात अठराव्या वर्षी कॉलेज संपतं. अनुयाला अठरा वर्षं झाली, तेव्हा तिचंही संपलं. पाहुण्यांनी विचारलं तर कॉलेज झालं असंच सांगणार आहे. शब्द तुझाच आहे.

तू हसशील, म्हणून खरं काय तेही लिहितो. माझं कॉलेज सोडून मी एकीला शिकवलं. ती विमानात बसून गेली. आई गेली तेव्हा तू पोचलीस तोवर राख सावडून झाली होती, आणि त्यालाही आता पाच वर्षं होतील. दुसरीला शिकवायची माझी छाती नाही. इस्लामपूर एस.टी.च्या टप्प्यात आहे.

सिद्धीला आशीर्वाद. तुझ्यावर राग नाही.

दादा

---

अवोन्डेल
२७ जून २००४

ती. दादास,
नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. लगेच फोन केला, तर पत्राने कळव म्हणून तू ठेवून दिलास. माझ्या थट्टेतला शब्द उचलून तू त्या पोरीचं दार लावलंस? दादा, तू? मला पुण्याच्या होस्टेलवर सोडताना माझी ट्रंक खांद्यावर घेऊन तीन जिने चढलेला तूच ना? मला अजून खरं वाटत नाही.

आईचं लिहिलंस ते काळजात घुसलं. पण एक ऐक.

आमच्या फार्मसीत मृदुला म्हणून एक मुलगी येते. बार्शीची. बारावीनंतर लगेच लग्न लावून दिलेली. नवरा तेव्हा सोलापुरात होता, म्हणजे तिचे आईवडीलही एस.टी.चा टप्पा बघूनच खूश झाले असतील. नवऱ्याला इथे नोकरी लागली, ती मागून आली. काउंटरवर तिचं दुखणंसुद्धा तोच सांगतो. परवा ती पहिल्यांदाच एकटी आली. मी मराठी आहे हे बघून रडायलाच लागली. आई आजारी आहे, आणि जायचं तर कुठे विचारायचं, कोणाला भेटायचं, तिला काही ठाऊक नाही. पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात. मी हादरले, दादा. तिला न शिकवताही ती माझ्याइतकीच लांब आली आहे.

मुलगी जातेच रे. शिकलेली असली तर परतीचं तिकीट तिचं तिला काढता येतं, एवढाच फरक.

अनुयाला पुढे शिकू दे. नाहीतर निदान पाहुण्यांना खोटं सांगू नकोस, आणि त्यात माझं नाव तर नकोच. माया आटली नाही, पण आज ती गोड शब्दांत लिहवत नाही.

विभा

---

उंब्रज
२० जुलै २००४

सौ. विभावन्सं यांना,
शकुचा नमस्कार.

मी कधी लिहीत नाही, सातवी शिकलेली, चुकलं तर हसा. पण हे तुमच्या दादांना लिहवेना, म्हणून मला बसवलं आहे.

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. ह्यांनी वाचून खिशात घातलं आणि जेवले नाहीत. रविवारी पाहुणे आले. पोहे झाले, अनुया पाटावर बसली, खाली मान घालून. मुलाच्या वडिलांनी विचारलं, मुलीचं कॉलेज झालं का. काय सांगायचं ते ह्यांनी आठवडाभर घोकलं होतं, माझ्याकडूनही घोकून घेतलं होतं. मी चहा घेऊन दारात उभी.

ह्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, नाही, व्हायचंय अजून. तीन वर्षं थांबता आलं तर थांबा, नाहीतर तुमचा मार्ग मोकळा. वन्सं, माझ्या हातातला ट्रे कलला, सगळा चहा सतरंजीवर. अनुयाने मान वर करून बापाकडे पाहिलं ते पाहतच राहिली. पाहुणे कळवतो म्हणून गेले. अजून कळवलं नाही.

काल हे तिला घेऊन कराडला गेले आणि बी.एस्सी.ला नाव घातलं. येताना पेढे आणले. पेठेत सगळे विचारतात, आता आणखी कोण कॉलेजात गेलं, वय काय? हे सांगतात, अनुया, अठरा पूर्ण, आणि कॉलेज खरं.

रात्री मी विचारलं, वन्संना काय लिहू. ह्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि म्हणाले, शिकलेल्या मुलीला परतीचं तिकीट तिचं तिला काढता येतं असं तिनेच लिहिलंय ना. मग दिवाळीला काढ म्हणावं.

वाट बघते आहे. पेढे तोवर टिकणार नाहीत, पुन्हा आणू.

तुमची,
शकुवहिनी