पीस न उगवलेला कुरव

४ सप्टेंबर

प्रिय दुर्बिण्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. मेल आणि नवे फोटो काल पोचले. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा तिच्या म्हणण्याप्रमाणे 'आहे तसाच' आहे. तक्रार करायला अंगात दम आहे, म्हणजे प्रकृती उत्तम.

तू फोटो काढायचे आणि मी घरबसल्या नावं लावायची, ही आपली शाळेपासूनची वाटणी. म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत लॅबमधल्या कॉम्प्युटरवर तुझे पक्षी उघडून बसले. सकाळभर रक्ताच्या काचपट्ट्या बघून डोळे चुरचुरत होते. साहेब मागून डोकावून गेले. त्यांना वाटलं, मी रिपोर्ट तपासतेय. मीही तसाच गंभीर चेहरा करून बसले.

तर ऐक. खडकावर पंख वाळत घालून बसलाय तो पाणकावळा. चिखलात तुरुतुरु पळणारा चिखल्या. गळ्यातला काळा पट्टा बघून सांगतेय, उगाच वाद नको. पाण्यावर सूर मारणारा, निमुळत्या चोचीचा आणि दुभंगलेल्या शेपटीचा, तो कुरव. धक्क्याच्या कठड्यावर बसून आपल्याकडे तुच्छतेने बघणारा जाड्याही कुरवच, मोठ्या जातीतला सीगल. चेहरा थेट आपल्या काकांचा!

तिकडे परदेशातला मुक्काम आणखी वाढवलास. थवे यायला लागलेत म्हणतोस, तर बघून घे डोळे भरून. पण फोन कर रे. घसा बसला, मान्य. महिनाभर कुणाचा घसा बसतो? आई रोज संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन बसते. तिला तुझं नुसतं 'आई' ऐकू आलं तरी पुरे. नुसता खोकलास तरी चालेल.

नावं बरोबर आहेत का ते कळव. चुकलं असेल तर नेहमीसारखी माझी खरडपट्टी काढ, मी वाट बघतेय.

वहिनीला आशीर्वाद.

तुझी
ताई


९ सप्टेंबर

प्रिय दुर्बिण्यास,

उत्तर मिळालं. 'ताई, सगळी नावं अगदी बरोबर. तुझा हात कोण धरणार!'

ही ओळ वाचली तेव्हा शेजारी रक्ताच्या नळ्या फिरवणारं यंत्र घुरघुरत होतं. ते थांबून गप्प झालं तरी मी खुर्चीतून उठले नाही. मदतनीस बाई विचारायला आल्या, बरं नाही का म्हणून.

दुभंगलेल्या शेपटीचा तो पक्षी सुरय आहे, कुरवाची शेपटी अशी नसते. मी त्याला मुद्दाम कुरव म्हटलं. शेपटीचं वर्णन लिहून वर कुरव म्हटलं, म्हणजे चूक अगदी ताटात वाढून दिली. माझ्या भावाने ती सोडली असती? एका चिखल्यावरून माझ्याशी आठवडाभर अबोला धरणारा माणूस तो.

म्हणून इथून पुढचं पत्र त्याला नाही. वहिनी, हे तू वाचते आहेस. त्याच्या नावाने तूच लिहीत होतीस ना?

मला संशय आला तो कठड्यावरच्या कुरवामुळे. त्याच्या चोचीचा टवका उडालाय आणि उजव्या पंखातलं एक पीस गळालंय. ऑगस्टच्या सुरुवातीच्या फोटोत तो आहे आणि गेल्या आठवड्यात आलेल्या फोटोतही तोच आहे, पंखात तेवढीच फट घेऊन. या दिवसांत त्यांची पिसं गळतात, तशी नवी येतातही. महिन्याभरात तिथे अर्धंमुर्धं पीस दिसायला हवं होतं. म्हणजे सगळे फोटो एकाच दिवशीचे. एका दिवसाचे पक्षी तू आम्हाला पुरवून पुरवून वाढत होतीस.

काल हॉटेलला फोन लावला. माझं इंग्रजी मोडकं, काउंटरवरच्या मुलीचं त्याहून मोडकं. पण एवढं कळलं, की तुमच्या खोलीतल्या साहेबांना मुक्कामाच्या दुसऱ्याच दिवशी धक्क्यावरून अँब्युलन्समधून नेलं, आणि बाई तेव्हापासून एकट्याच जातात-येतात. पुढचं तिला माहीत नव्हतं, की सांगायचं नव्हतं, कोण जाणे.

हे सगळ्यात आधी लिहायचं सोडून मी पिसं मोजत बसले. भीती वाटते गं.

तू का लपवलंस तेही कळतं. निघताना आईने तुझा हात धरून म्हटलं होतं, "जसा नेतेयस तसा परत आण हं." तिकिटं तू काढली होतीस, त्याच्या वाढदिवसाची भेट म्हणून. तिचं बोलणं तू मनाला लावून घेतलंस. अगं, आई पेपरवाल्यालाही असाच दम भरते! आणि तू परक्या मुलखात एकटी, दिवसभर दवाखान्यात बसून, आल्यावर त्याच्यासारखं हसतखेळत लिहीत होतीस. मला तुझा राग यायला हवा. आलाही होता, चांगला सणकून आला होता. आता मात्र तू धड जेवतेस का, एवढंच डोक्यात येतं.

त्या कुरवाची फट दिसली त्याच दिवशी मी व्हिसाचा अर्ज टाकला होता. व्हिसा आज हातात आला. शनिवारी निघते, रविवारी सकाळी तिथे पोचते. आईला काय आणि कधी सांगायचं ते मी बघेन. ते तुझ्यावर नाही.

एकच कर. तो असेल तर एक ओळ लिही. नसेल तर काही लिहू नकोस. ते मला पडद्यावर वाचायचं नाही. विमानतळावर समोर ये, तुझ्या तोंडून ऐकेन. येणार मी कसंही झालं तरी.

तुझीसुद्धा
ताई


१२ सप्टेंबर

ताई,

ते आहेत.

तीन दिवस लिहिलं नाही, तुमच्यावर काय गुजरलं असेल ते कळतं मला. पण तुमचं पत्र आलं त्याच दिवशी त्यांच्या मेंदूत पुन्हा रक्त साकळलं, दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं. 'आहेत' असं लिहावं की नाही, हे मला कुणी सांगेना. डॉक्टरांनाच ठाऊक नव्हतं. आज सकाळी श्वासाचं यंत्र काढलं. स्वतःचा श्वास घेतायत. मी तासभर नुसती छातीकडे बघत उभी राहिले आणि मग हे लिहायला बसले.

धक्क्यावरच्या शेवाळावरून ते घसरले. कॅमेरा वर धरला होता, म्हणून हात टेकता आला नाही. अजून डोळे उघडलेले नाहीत. उघडले तरी ओळख पटेल का, डॉक्टर सांगत नाहीत.

त्यांच्या नावाने खोटं लिहिताना रोज वाटायचं, आज तरी ताई पकडतील. पकडलंत, तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात बसून पोटभर रडले. महिन्याभरात पहिल्यांदाच.

रविवारपर्यंत काय होईल ते कुणाच्याच हातात नाही. म्हणून सांगते. बाहेर पडल्यावर गर्दीत मला शोधा. मी कुठेच दिसले नाही, तर समजा की मी त्यांच्याजवळ आहे. टॅक्सी करून थेट दवाखान्यात या, पत्ता खाली दिलाय.

मी तुम्हाला घ्यायला येऊ नये, एवढंच मागतेय सगळ्यांकडे.

तुमची
वहिनी