आधाररेषा कुणी हलवली याबाबत, आणि माझ्या मालमत्तेबाबत

मी, नकाशे काढणारा निवृत्त आरेखक, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. परवा माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे.

१. राहती दोन खोल्यांची जागा पूर्णपणे लेकीला द्यावी. मुलाचा हिस्सा ठेवलेला नाही. कारण कलम ३ मध्ये आहे. ते वाचल्याशिवाय त्याने वकिलाकडे धावू नये.

२. माझे आरेखनाचे टेबल, कंपासपेटी आणि पोलादी पट्ट्या मुलाला. पट्टीने खोकी उघडू नयेत. पूर्वी उघडली आहेत.

३. माझ्या पत्नीला जाऊन पाच महिने झाले. बावीस वर्षे ती शेअर बाजाराच्या निर्देशांकाचा आलेख ठेवत होती. रोजचा बंद भाव ती सांगे, मी कागदावर मांडी. आधाररेषा, म्हणजे भाव ज्याखाली सहसा घसरत नाही ती पातळी, कुठे ओढायची ते ती ठरवी. "हात तुमचा सरळ आहे, डोक्याचं माझ्यावर सोडा," म्हणायची. नियम एकच: निर्देशांक आधाररेषेखाली लागोपाठ दोन दिवस बंद झाला की सगळे विकायचे, चर्चा नाही. लेकीच्या दवाखान्यासाठीची ठेव याच निर्देशांकाच्या फंडात होती.

ती रुग्णालयात असताना मीच आलेख मांडून नेत असे. आकडे तिच्या लक्षात राहीनासे झाले होते. ती फक्त रेषेकडे बघे. एका सोमवारी निर्देशांक रेषेखाली बंद झाला, मंगळवारीही. तिला धाप लागत होती. मी घरी रेषा खोडली आणि बोटभर खाली ओढली.

"अहो, टिकली का?"

"टिकली. थोडक्यात."

"मग राहू दे. विकू नका."

अकरा दिवसांनी ती गेली. तोवर ठेवीचा पाव हिस्सा गेला होता, पुढे आणखी गेला. दवाखान्यासाठी ठरवलेली जागा लेकीच्या हातून निसटली.

नंतर एकदा जेवताना मुलगा म्हणाला, "आईने जन्मभर रेघोट्या ओढल्या आणि शेवटी ताईच्या दवाखान्यावर पाणी सोडलं."

"गप रे. आजारी होती ती," लेक म्हणाली.

मी पाणी प्यायलो. पत्नीची रेषा बरोबर होती. खोटी रेषा माझी. राहती जागा लेकीला देण्याचे कारण हेच. मुलाने हे कलम बहिणीसमोर मोठ्याने वाचावे.

४. फंडात उरलेले सर्व लेकीला. नजीकच्या काळाचे चित्र, मला कळते तेवढे, असे: वीस दिवसांची सरासरी पन्नास दिवसांच्या सरासरीखाली गेली आहे, म्हणजे कल उताराचा आहे. प्रत्येक उसळी आधीच्यापेक्षा ठेंगणी आहे. नवा आधार मी तिच्या पद्धतीने आखला आहे, या वेळी शाईने. काल निर्देशांक त्याखाली बंद झाला. आज दुसरा दिवस. सकाळपासून तीनदा कागद उलगडून पाहिला. अजून एक दिवस थांबावे असे वाटते, आणि त्या वाटण्याचीच मला धास्ती आहे.

आजही खाली बंद झाला तर लेकीने उद्या बाजार उघडताच सगळे विकावे. खात्यावर तिचेही नाव आहे. या कलमाची प्रत आज संध्याकाळीच तिच्या हाती जाईल. मी जिवंत असताना हे मृत्युपत्रात बसत नाही, असे वकील म्हणतात. नसेना का. तिने मला विचारू नये. मी थांब म्हणेन.

साक्षीदार, मजकूर वाचून:
१. तळमजल्यावरचे औषधविक्रेते (सही)
२. आरेखन शाखेतले माझे जुने सहकारी (सही)

लिहून देणार (सही)
ठिकाण: राहते घर
दिनांक: १४ जून, बुधवार, बाजार उघडण्यापूर्वी