आईंच्या बांगड्या

रविवार, २ फेब्रुवारी

घेतलेच शेवटी! सोनेरी काठाचे कप. दुकानदार म्हणाला, "रोज वापरायचे नसतात हो हे, पाहुण्यांसाठी असतात." म्हटलं, मग मी रोज माझीच पाहुणी.

नवऱ्याने पिशवीत डोकावून हात जोडले. "आता या घरात सोनेरी नसलेला मी एकटाच उरलोय. मलाही एक हात मारून टाक."

त्याचं काही चुकत नाही. उशांचे अभ्रे हळदीच्या रंगाचे. दिव्याची साखळी सोनेरी, पडद्यांच्या कड्या सोनेरी, आरशाची चौकट तर माझ्याच हातची. पुस्तकांच्या दुकानात गेले तरी ज्याच्या पाठीवर सोनेरी अक्षरं त्याच्याकडे हात आधी जातो. आत काय लिहिलंय ते नंतर! आणि दुपार कलली की स्वयंपाकघराच्या भिंतीवर उन्हाचा एक पट्टा येतो. तेव्हा मी गॅस बारीक करून नुसती बघत उभी राहते. फुकटचं सोनं.

लोकांना वाटतं हाव आहे. हाव असती तर कुलपात ठेवलं असतं. मला डोळ्यांसमोर लागतं, एवढंच. चांदी काळवंडते, तांबं हिरवं पडतं. सोनं आपलं जसंच्या तसं. इतकं विश्वासू दुसरं काय आहे जगात?

हे आईंना कळतं. आई म्हणजे सासूबाई. त्यांच्या उजव्या हातात दोन जाड बांगड्या आहेत, जुन्या घडणीच्या, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. लग्नात घातल्या त्या घातल्या. रविवारी कोमट साबणाच्या पाण्यात हात बुडवून बसतात आणि मी मऊ ब्रशने घासते. आजही घासल्या. ताई आली होती, नवऱ्याची मोठी बहीण. तिच्यासमोरच आई म्हणाल्या, "माझ्यामागे या हिलाच. हिच्या हातात शोभतील."

ताई हसली. पण हातातला कप जरा जोरातच ठेवला. सोनेरी काठ! मी आधी कप तपासला, मग तिचा चेहरा बघितला. क्रम चुकला बहुतेक.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आमच्या चौकटींच्या कारखान्यात मोठं काम आलंय. एका हॉटेलच्या दिवाणखान्यातला आरसा, माझ्याहून उंच. चौकटीला खरा सोन्याचा वर्ख लावायचाय. मालक म्हणाले, "हे दुसऱ्या कोणाला देत नाही."

पंखे बंद, खिडक्या बंद. वर्ख इतका पातळ की बोट लागलं तर बोटालाच चिकटून संपतो. ब्रश आधी स्वतःच्या गालावर फिरवायचा. गालाचं तेलकटपण लागलं की वर्ख त्याला अलगद चिकटतो. मग श्वास रोखायचा आणि ठेवायचा. वीस वर्षं हेच करतेय, तरी प्रत्येक वेळी छातीत धडधड. ही धडधड मला आवडते.

संध्याकाळी घरी आले तर आई म्हणाल्या, "गालावर सोनं आहे तुझ्या. पुसू नकोस."

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आई बाथरूममध्ये पडल्या. खुबा मोडलाय. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आहेत, पण बोलत नाहीत.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज जरा टेकायला मिळालं.

परवा मी कारखान्यात होते. नवरा घरीच होता, कामावर निघायच्या बेतात. त्याने टॅक्सी बोलावली, ड्रायव्हरच्या मदतीने आईंना उचलून खाली आणलं आणि तडक हॉस्पिटल गाठलं. फोनवर त्याचा आवाज ओळखू येईना. मी परस्पर तिकडे पोचले. आईंचं उजवं मनगटही सुजलेलं, पडताना हात टेकला असणार. नवरा म्हणाला, "घरी जाऊन आईचे कपडे, चष्मा, गोळ्या घेऊन ये." गेले, आणले.

काल सकाळी ताईने आईंच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि तशीच थांबली.

"आईच्या बांगड्या कुठायत?"

मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा खिडकीकडे. मी म्हटलं, ऑपरेशनआधी काढून ठेवल्या असतील, नर्सला विचारू. इतकं सोपं वाटलं मला! त्यात काही विशेष आहे असंच वाटलं नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

त्या दिवशी ड्यूटीवर असलेली नर्स आज भेटली. एकदम ठाम. "इथे आल्या तेव्हाच हात मोकळे होते. मी शीर शोधायला दोन्ही हात बघितले होते ना!"

ताई म्हणाली, "म्हणजे घरीच निघाल्या."

मग तीच पुन्हा, सावकाश, "त्या दिवशी घरी कोण कोण होतं?"

नवरा म्हणाला, "मी घाईत होतो गं. माझं लक्षच नव्हतं."

"आणि नंतर कपडे आणायला…" ताईने वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरजच नव्हती.

घरी आल्या आल्या बाथरूम पालथी घातली. साबणाच्या भांड्याखाली, बादलीमागे, मोरीच्या जाळीत हात घालून. मग आईंची खोली. मग गादी. मग — हसू येतंय लिहिताना — माझं स्वतःचं कपाट! माझ्याच साड्यांच्या घड्या मी झडती घेतल्यासारख्या उलगडत होते.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

वर्ख फाटला. आज तीनदा. मालक मागे येऊन उभे राहिले. श्वास रोखता येत नाही. मध्येच सुटतो.

डोक्यात सारखं एकच. ताईने फोनवर मावशीला, म्हणजे आईंच्या बहिणीला, सांगितलं असणार, कारण मावशींचा मला फोन आला. गोड बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "तुला सोन्याची आवड आहे ना पहिल्यापासून."

आवड आहे ना पहिल्यापासून. एवढंच!

शनिवार, २२ फेब्रुवारी

आईंना घरी आणलं. ताई इथेच राहायला आलीय. "आईकडे बघायला," म्हणते. पण ती आईंकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघते. डबा उघडला की बघते. मी आईंच्या खोलीत गेले की मागोमाग येते. काल मी आईंची उशी सारखी केली तर म्हणाली, "राहू दे, मी करते." उशीखाली आईंची सोन्याची चेन असते. आठवलं तेव्हा कानशिलं तापली.

जेवताना नवऱ्याला म्हटलं, "तू तिला एकदा स्पष्ट सांगत का नाहीस?"

"काय सांगू? तिने तुझं नाव घेतलंय का कधी?"

"घेतलं असतं तर बरं झालं असतं."

तो ताटाकडे बघत म्हणाला, "तू पण एकदा नीट आठवून बघ. घाईगडबडीत कुठे ठेवल्या असशील तर…"

ताईचं बोलणं ऐकून घेतलं. मावशींचं ऐकून घेतलं. पण हा! हा तर सोबत झोपतो, सोबत उठतो. तो माझ्या बाजूने नसेल तर माझी बाजू म्हणजे नक्की काय राहिली?

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आज हातातल्या दोन बारीक बांगड्या काढल्या. कानातलंही काढलं. सोनेरी काठाचे कप वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकले. चहा स्टीलच्या पेल्यात.

ताईच्या नजरेतून ते सुटलं नाही. "कप फुटले का?"

"नाही. ठेवले."

"का गं?"

काय सांगणार? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात चोर नाही, तरी चांदणं पडलंय. कसंही वागले तरी ते पुरावाच होतंय. घातलं तर हाव, काढलं तर अपराधी! रडले तर नाटक, नाही रडले तर निगरगट्ट.

दुपारी भिंतीवर ऊन आलं. मी पडदा ओढला.

बुधवार, ५ मार्च

रात्रंदिवस हिशेब लावतेय. सुजलेल्या हातातून बांगड्या आपोआप निघत नाहीत. कोणीतरी काढल्या. आईंना विचारावं तर त्यांना त्या दिवसाचं काही म्हणजे काहीच आठवत नाही. "पाय घसरला," एवढंच सांगतात, "मग पांढरं छत दिसलं."

कधी कधी वाटतं, मीच काढल्या का? कपडे घ्यायला आले तेव्हा टेबलावर पडलेल्या बघितल्या, उचलल्या, कुठेतरी ठेवल्या आणि विसरले? काल तर मला ते चित्र दिसायलाही लागलं — टेबल, त्यावर दोन बांगड्या, माझा हात! खरं नाही हे. मला ठाऊक आहे खरं नाही. पण दिसतं तर स्पष्ट.

नवरा हल्ली उशिरा येतो. आला की आईंच्या खोलीत जातो, पाय दाबतो, गुपचूप बाहेर येतो. त्याचंही वजन उतरलंय. आईच्या काळजीने असेल. मी जेवण वाढते. आम्ही दोघं पाहुण्यांसारखे बोलतो. मीठ दे. पुरे. हं.

रविवार, ९ मार्च

आज जे झालं ते लिहवत नाही. पण लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

रविवार म्हणून आईंचे हात धुवायला कोमट पाणी घेऊन गेले. ताई अंघोळीला गेली होती. आईंचा उजवा हात पाण्यात सोडला. मनगटावर बांगड्यांच्या जागी कातडी गोरीपान, मऊ, लहान मुलाच्या अंगासारखी. त्या जागेवर साबण लावायला माझा हात धजेना.

आईंनी डाव्या हाताने माझी हनुवटी वर केली. माझे कान बघितले, हात बघितले. रिकामे.

इतक्या मायेने म्हणाल्या, इतक्या हळू, "तुला हव्या होत्या तर मागायच्या होत्यास गं. मी नाही म्हटलं असतं का?"

मला वाटलं मी ओरडेन. आरोप असता तर उलट बोलता आलं असतं. ही तर क्षमा! न केलेल्या चोरीची क्षमा. ती कुठे ठेवू? कोणाला परत करू?

मान वळवली तर दारात नवरा उभा. हातात आईंसाठी पाण्याचा पेला. सगळं ऐकलं होतं त्याने. मी त्याच्याकडे बघत राहिले. म्हटलं, आता बोलेल. आता तरी म्हणेल, "आई, ही असं करणार नाही." एवढं एक वाक्य!

त्याने पेला स्टुलावर ठेवला आणि निघून गेला.

पाणी गार होईपर्यंत मी तिथेच बसले होते. आई थोपटत होत्या माझ्या पाठीवर.

सोमवार, १० मार्च

माहेरी फोन केला. भाऊ म्हणाला, "बॅग भर आणि ये. मग बघू त्यांचं काय ते." अजून बॅग काढली नाही. आत्ता गेले तर घेऊन पळाली म्हणतील.

बुधवार, १२ मार्च

आज कारखान्याला सुट्टी. ताई सकाळीच तिच्या घरी गेली, संध्याकाळी यायचीय. दुपारी बेल वाजली. दारात एक दाढीवाला माणूस, खाकी शर्ट.

"आजी कशा आहेत? मीच नेलं होतं ना त्यांना टॅक्सीतून. साहेब आहेत का?"

म्हटलं, कामावर गेलेत. त्याने खिशातून गाठ मारलेला एक रुमाल काढून माझ्या हातावर ठेवला. निळ्या चौकड्यांचा. नवऱ्याचा. मीच आणलेला.

"मागची सीट आज नवीन कापड लावायला सोडवली, तर खाली पत्र्यात अडकलेला. आजींचा हात सुजायला लागला म्हणून साहेबांनी बांगड्या रस्त्यातच काढून यात बांधल्या होत्या. उतरताना गडबडीत राहिला असणार. दुसऱ्याच दिवशी स्टँडवर विचारायला आले होते बिचारे. मग आणखी दोन-तीनदा आले. मला म्हणाले, मी शोधतोय, घरी मात्र कोणाला काही बोलू नका. तुम्हाला तरी सांगितलंय ना त्यांनी?"

मी हो म्हटलं. त्याला आत बोलावलं, पाणी दिलं. तो गेला.

मग कितीतरी वेळ मी दाराला पाठ लावून उभी. दुसऱ्याच दिवशी. म्हणजे ताईने पहिल्यांदा विचारलं, तो खिडकीकडे बघत होता, तेव्हा त्याला माहीत होतं. "नीट आठवून बघ" म्हणाला, तेव्हा माहीत होतं. रविवारी दारात उभा होता, तेव्हाही.

आईंच्या खोलीत गेले. त्या टक्क जाग्या. दार उघडंच होतं, सगळं ऐकलं होतं त्यांनी. मी रुमाल सोडून बांगड्या पुढे केल्या. त्यांनी हात पुढे केला नाही.

मग म्हणाल्या, "पुन्हा बांध त्या रुमालात. तो आल्यावर त्याच्याच हातून घेईन, आणि ताईसमोर घेईन. तिला फोन कर, लवकर ये म्हणावं. आणि तू कुठे जाऊ नकोस. माझ्याजवळ बस."

बसलेय. ताई आलीय, तिला अजून काही सांगितलेलं नाही. आईंनी माझा हात घट्ट धरलाय, डाव्या हाताने लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. लिफ्ट आमच्याच मजल्यावर थांबली.