सिस्टरच्या फाटकाशी ढोल थांबतो

३ मार्च २०२५

ऑस्ट्रियाहून पत्र आलं. सिस्टर हेडविग बावीस तारखेला परत जाणार — कायमच्या. त्यांच्या संस्थेचं म्हणणं, अठ्ठ्याहत्तर झाली, आता म्हातारपण इकडे काढा. म्हणजे आमचा दवाखाना बंद. सिस्टरनी पत्राची घडी घातली आणि म्हणाल्या, "चहा टाक गो, दमयंती." टाकला. साखर घालायची राहिली. त्यांनी तसाच प्यायला.

५ मार्च

कपाटं आवरतोय. विमानात तेवीस किलोच चालतं म्हणे, आणि विठू गुरवाच्या बायकोने एकटीने पाच किलो आमसुलं आणून दिली! तिची तिन्ही बाळंतपणं सिस्टरनी केलेली. नको तरी कसं म्हणायचं?

९ मार्च

आज जेवताना सिस्टर सहज म्हणाल्या, "शेवटचा शिमगा माझा. यंदा तरी पालखी माझ्या अंगणात येईल का गो?"

माझा घास तसाच राहिला.

इथे तरी लिहून टाकते. शिमग्यात आमच्या देवीची पालखी घरोघर जाते. ज्या अंगणात टेकते ते घर गावचं. सिस्टर आल्या तेव्हा पहिल्याच शिमग्यात गावकरांनी, म्हणजे पालखीचं बघणाऱ्या गावच्या प्रमुखांनी, मला विचारून यायला सांगितलं — बाईंच्या अंगणात पालखी आणायची का? मी तेव्हा नवी आया. मनात आलं, बाई ख्रिश्चन, फटकन काही बोलली तर गाव चिडेल. दवाखाना जाईल आणि माझं कामही जाईल. मी विचारलंच नाही. दोन दिवसांनी जाऊन सांगितलं, "अंगणात नको, पण लांबून हात जोडते म्हणाल्या."

गावाने तो मान राखला. तेव्हापासून पालखी फाटकापुढून जाताना ढोलसुद्धा बंद करतात. सिस्टर पायरीवर उभ्या राहून बघतात. दरवर्षी मला वाटायचं, बघा, किती नीट जमवलं मी!

आता आत्मारामदादांना खरं सांगायला हवं. वडिलांच्या मागे हल्ली तेच गावकर.

१२ मार्च

गेले नाही.

१५ मार्च

गेले. आत्मारामदादा ओटीवर सुपारी कातरत बसलेले, आजूबाजूला वाडीतली चार माणसं. म्हटलं, सिस्टर जातायत, तर यंदा पालखी...

"बायनं नको म्हटलान ना? तूच सांगितलंस आमच्या बाबांना. आता जाता जाता कशाला तिला अडचणीत घालायचा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सिस्टरच्या मनातलं दमयंतीला बरोबर कळतं, असं गाव म्हणतं. म्हटलं, होय, तसंच म्हणाल्या होत्या.

म्हणजे दोनदा. पहिल्यांदा मी तीस वर्षांची होते. आता एकसष्ट. लाज वाटते.

१८ मार्च

पालखी आमच्या वाडीत आली. फाटकाशी ढोल थांबला. सिस्टर पायरीवर, हात जोडलेले. अंगण शेणाने सारवलेलं होतं. मी सारवलं नव्हतं.

पालखी गेली. पुढच्या घरी ढोल सुरू झाला.

२१ मार्च

बॅग भरली. साडेबावीस किलो. आमसुलं बसली.

२२ मार्च

सकाळी सिस्टरना सगळं सांगितलं. त्या बॅगेला कुलूप लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ठाऊक हाय गो. त्याच वर्षी विठू गुरव जखम बांधून घ्यायला आलेला. त्यानं विचारलान, पालखी का नको म्हणालात? मी म्हटलं, दमयंतीनं सांगितलं तेच खरं. दुसरं काही बोलले असते, तर गावात तुला कोणी दारात उभं केलं नसतं."

एकतीस वर्षं मी समजत होते, मी त्यांना सांभाळते आहे.

पालखी अजून खालच्या वाडीत आहे. सिस्टरची गाडी चार वाजता. आत्मारामदादांकडे निघाले — ओटीवर आज कितीही माणसं असोत.