दंडातली नळी

प्रिय ठकू,

पत्र बघून दचकू नकोस. पाय जागच्या जागी आहे, अंगठ्यासकट. काल डॉक्टरांनी पट्टी सोडून बघितला आणि 'छान' म्हणाले. हा माणूस 'छान' सहजासहजी म्हणत नाही. आजवर 'ठीक'च्या पुढे त्याची मजल गेली नव्हती. हाडातला जंतू हटतोय, सूज उतरलीय, आणि पाच आठवड्यांपूर्वी जो अंगठा कापायची भाषा चालली होती तो आता चपलेत जातो. तुझ्या आईने ते बघून डोळे पुसले आणि लगेच नखं वाढल्याबद्दल मला ओरडली.

फोनवर तू दोनदा विचारलंस, त्या सिस्टरचं पुढे काय झालं म्हणून. मी दोन्ही वेळा विषय बदलला. एकदा पाण्याच्या टाकीवर नेला, एकदा तुझ्या खोकल्यावर. तुझ्यासारख्या वकिलाच्या ते लक्षात आलं नसेल, असं मी समजत नाही. तर सांगतो. तुझी तक्रार पोचली आणि वाचणाऱ्यांना घाम फुटला. तू लिहिलेली तक्रार म्हणजे अर्धा खटलाच की! सिस्टरचं घरोघरी जाणं त्याच दिवशी बंद झालं. आता ती इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या भांडारात बसून हातमोज्यांची खोकी फळीवर लावते. येत्या बुधवारी समिती बसणार आहे आणि तिला कामावर ठेवायचं की काढायचं ते ठरवणार आहे. एवढं लक्षात ठेव आणि पुढे वाच. मी नेहमीसारखे फाटे फोडणार, तेव्हा जरा धीर धर.

ह्या संशोधनात मी नाव घातलं तेव्हा तू चिडली होतीस. बाबा, तुम्ही काय प्रयोगातला उंदीर आहात का, असं म्हणाली होतीस. अगं, पण त्या वॉर्डात नऊ दिवस काढल्यावर उंदीर व्हायलाही माझी तयारी होती. शेजारच्या खाटेवरचा माणूस घोरायचा, त्याच्या पलीकडचा त्याला शिव्या घालायचा, आणि पहाटे पाचला दिवे लावून कोणीतरी माझं वजन करायचं. पाच वाजता माझं वजन कमी असेल असं त्यांना का वाटायचं, देव जाणे. डॉक्टरांचा प्रश्न साधा होता. सहा आठवडे शिरेतून औषध घ्यायला माणसाला खाटेला बांधून ठेवायलाच हवं का? का घरी राहून तेवढंच बरं वाटतं? अर्ध्या लोकांकडे सिस्टर रोज जाऊन औषध देणार, आणि उरलेल्या अर्ध्यांनी शिकून घेऊन आपलं आपण लावायचं, असं ठरलं होतं. कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर ठरवणार. मी दुसऱ्या गटात निघालो. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला आणखी काय हवं!

शिकवणी तीन दिवसांची होती. दंडात शिरेपर्यंत गेलेली बारीक नळी, तिचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं, वाळेपर्यंत थांबायचं, थोडं मिठाचं पाणी सोडायचं, मग औषधाचा फुगा जोडायचा. फुगा आपोआप आकसत जातो आणि तासाभरात औषध आत. खिशात फुगा घालून माणूस घरभर हिंडू शकतो. शिकवणाऱ्या सिस्टरला, म्हणजे तू जिची तक्रार केलीस तिलाच, आम्ही घरी लगबगताई म्हणायचो, कारण बाई जिना एकेक पायरी सोडून चढते. तिने माझे हात बघितले आणि वर्गातल्या सगळ्यांना बोलावून दाखवले, की बघा, हात असे स्थिर हवेत. मी दोन दिवस हवेत होतो. तुझ्या आईला विचार, जेवतानासुद्धा हात जरा पुढे धरून जेवत होतो म्हणे.

आणि घरचे दिवस काय सांगू! सकाळी आठला खिडकीपाशी टेबल पुसायचं, डोळ्याला भिंग लावायचं, फुगा जोडायचा, आणि मग तासभर तुझ्या आईशी शब्दकोड्यावरून भांडायचं. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, पण सलग एवढा वेळ आम्ही एकमेकांसमोर कधी बसलो नव्हतो. ती आडवे शब्द धडाधड सोडवते आणि उभे माझ्यासाठी ठेवते, हे मला आत्ता ह्या वयात कळलं. मी सुखात होतो गं.

मग एकोणिसावा दिवस उजाडला. फुगा लावून अर्धा तास झाला असेल, तोच अशी हुडहुडी भरली की टेबलावरची कात्री खडखडायला लागली. तुझ्या आईने लगबगताईला फोन लावला. तिने पहिल्यांदा नळीचा चाप बंद करायला लावला, औषध थांबवलं, आणि मला झोपवून ठेवा, मी निघाले, म्हणाली. चौदा मिनिटांत ती तिच्या त्या डबड्या गाडीतून दारात होती. मला खांद्याला धरून तिनेच खाली नेलं, इस्पितळात पोचवलं, आणि पाळी संपल्यावर घरी न जाता ताप उतरेपर्यंत माझ्या खाटेपाशी बसली. तू दुसऱ्या दिवशी आलीस, त्यामुळे हे तू बघितलं नाहीस. मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

तू काय बघितलंस तेही मला माहीत आहे. आदल्या मंगळवारी ती नळीवरची पट्टी बदलायला आली होती, आठवड्यातून एकदा यायची तशी, तू व्हिडिओवर होतीस, आणि तिचा मास्क हनुवटीवर होता. नंतर रक्तात सापडला तो जंतू माणसाच्या तोंडात राहणारा निघाला. तू दोन आणि दोन चार केलेस. कोणीही केले असते. डॉक्टरांनीही तेच केले. पण पोरी, तेव्हा पट्टी बांधून झाली होती. तुझ्या आईने चहाचा कप तिच्या हातात कोंबला होता, आणि मास्क लावून चहा कसा प्यायचा ते मला तरी ठाऊक नाही. आईने हे डॉक्टरांना सांगितलं. पण घरातली माणसं सिस्टरच्या प्रेमात पडली आहेत, असं त्यांना वाटलं असावं.

जुनी नळी काढली, नवी घातली, चार दिवसांनी मी घरी आलो. पुन्हा शिकवणी झाली, सगळे टप्पे मी बिनचूक करून दाखवले. आणि मग सत्ताविसाव्या दिवशी समोरच्या काकूंचं गजराचं घड्याळ उघडून बसलो होतो. चाक बसवायच्या आधी नेहमीसारखी फुंकर मारली. धूळ उडवायला मारतो ना, तशी. चौदाव्या वर्षापासूनची सवय ती. तुझी आई कोड्यातून मान वर न करता म्हणाली, की तुमचं सगळ्यालाच सारखं, त्या नळीवरही असंच फुंकता.

ठकू, माझ्या हातातलं चाक पडलं. मी म्हटलं, कधी? ती म्हणाली, रोज! पुसून झालं की फुंकता, मग जोडता. मला वाटलं, तसंच शिकवलंय तुम्हाला. वॉर्डात शिकताना सगळ्यांच्या तोंडाला मास्क होते, माझ्याही. घरी आल्यावर भिंगावर वाफ धरते म्हणून मी मास्क काढून ठेवत होतो. आणि मला स्वतःला त्या फुंकरीचा पत्ताच नव्हता, आईशप्पथ. पुसून स्वच्छ केलेल्या नळीच्या तोंडावर मी माझ्या तोंडातले जंतू रोज सकाळी आठ वाजता, भिंग लावून, अगदी नेम धरून सोडत होतो.

त्यानंतर मी काय केलं असेल? काही नाही. पाच दिवस मूग गिळून बसलो. मास्क बांधायला लागलो, आणि तुझ्या आईला म्हटलं, आता कशाला उकरायचं, ताप गेला ना. खरं कारण निराळं होतं. सांगितलं तर मला घरच्या गटातून काढतील, उरलेले दिवस पुन्हा त्या वॉर्डात, पुन्हा पहाटे पाचचं वजन. आणि त्याहून मोठं कारण म्हणजे माझे हात. दुसरं काय आहे माझ्याकडे मिरवायला?  तुझ्या आईने कोड्यातले उभे शब्दही स्वतःच भरून टाकायला सुरुवात केली. सहाव्या दिवशी मला तपासणीला जायचं होतं, तिथे भांडारावरून जाताना लगबगताई दिसली. स्टुलावर चढून खोकी लावत होती. मला बघून हसली, आणि पाय कसा आहे, म्हणून विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथून थेट डॉक्टरांच्या खोलीत गेलो आणि सगळं ओकून टाकलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग कपाटातून शिकवणीची नळी काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, करून दाखवा. मी घरी काढायचो तसा मास्क काढला, हात धुतले, नळीचं तोंड पुसलं, आणि काय सांगू तुला, तिथेही फुंकलं! बोलता बोलता, त्यांच्या डोळ्यांदेखत! डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. मला वाटतं त्यांनाही बरंच हलकं वाटलं असावं. मला वॉर्डात पाठवलं नाही. माहितीच्या कागदावर एक चित्र वाढवलं, तोंडापुढे नळी आणि वर लाल फुली. आणि तुझ्या आईची नेमणूक झाली माझ्यावर पहारा करायला. आता सकाळी आठला ती माझ्यासमोर अशी बसते की मला मोठा श्वास घ्यायचीही चोरी. सहा दिवस उरलेत. मजेत जातील.

आता हे फोनवर का नाही सांगितलं, ते. फोनवर तू मला बोलूच दिलं नसतंस. बाबा, तुमच्या हातून असं होणं शक्यच नाही, म्हणाली असतीस, आणि ते ऐकायला मला इतकं गोड वाटलं असतं की मी पुन्हा गप्प बसलो असतो. लहानपणापासून तू माझ्या हातांबद्दल सगळ्यांना सांगत आलीस, त्या तुलाच हे सांगणं मला डॉक्टरांना सांगण्यापेक्षा जड गेलं. माझा जबाब त्यांनी लिहून घेतलाय. पण तक्रार तुझ्या नावाची आहे, आणि बुधवारच्या आधी ती मागे घ्यायची तर तुझीच सही लागते. माझ्या सहीने काम भागणार नाही, मी विचारून बघितलं. फॉर्म सोबत जोडलाय. बाकी सगळं मी भरलंय, फक्त कारणाची ओळ कोरी ठेवली आहे. तिथे 'गैरसमज' लिहू नकोस, ठकू. माझी अब्रू राखायला तू तेच लिहिशील, मी ओळखतो तुला. 'माझ्या वडिलांची चूक' असं लिही, स्वच्छ अक्षरात, आणि त्याखाली सही कर.

तुझाच,
बाबा