समीरचा गुडघा

लातूर, शनिवार संध्याकाळ

फुटबॉल क्लबच्या सेक्रेटरींचा दुपारपासून तिसरा फोन. "सर, पुस्तिकेत छापायला राखीव संघाचं लिहून द्या की. यंदा पोरं काय करतील ते. दहा वळी बास." संघाला मी शिकवतो, म्हणून लिहायचंही मीच.

लिहिलं: गोलकीपर भरवशाचा, पुढची फळी चपळ, बचावफळी संयमी, कुणी उगाच जमिनीवर घसरत नाही. हे शेवटचं खोडलं. परत लिहिलं. खोटं नाही ते. पण संयम कसला? आमचं मैदान मुरमाचं. घसरून चेंडू काढायला गेलं की गुडघा सोलतो, म्हणून मीच तीन वर्षं पोरांना उभ्यानं खेळायला लावलं. मोसमाचे सामने मात्र सगळे पुण्यात, हिरवळीवर.

आज सराव सामन्याला नांदेडला हिरवळ मिळाली. डावा बचावपटू समीर, निलंग्याचा, पहिल्यांदाच घसरला. चेंडू हुकला. लगेच मागे धावला असता तर गाठला असता. पण उठून त्यानं आधी गुडघा बघितला, तेवढ्यात गोल झाला.

रागवायला गेलो. तो अजून गुडघ्यावरून हातच फिरवत होता.

"सर, रगत न्हाई आलं. तुम्ही तर म्हणले होते, गुडघा फुटतो."



आता 'संयमी' खोडलं. त्या जागी लिहिलं: बचावफळीला प्रशिक्षकानं घाबरवून ठेवलंय. सेक्रेटरी हे छापणार नाहीत. तरी तसंच पाठवलं.